हवालदाराची चाल

इंदिरानगर, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

सरूताईस जय भीम.

पाकीट पाहून दचकू नकोस. तुझ्या राजच्या लग्नात, भर पंगतीत, मी म्हणाले होते की आता जन्मात तुझ्याशी बोलणार नाही. सोळा वर्षं झाली, शब्द पाळला आहे. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई आहे मी, पळवाट ठेवूनच बोलते.

तर कारण असं. तुझ्या सुनेनं, प्रतिभानं, काल माझ्या लेकीला, संजनाला, मोबाइलवर एक फोटो पाठवला. विहाराच्या अंगणात बुद्धपौर्णिमेला आपल्या पणजोबांचा दगड बसणार आणि त्यावर काय कोरायचं ते तुझ्या अक्षरात लिहिलेलं. 'हवालदार सावळीराम. कंदाहारच्या लढाईत जखमी. या मळ्याचे पहिले शेतकरी. पुत्र राघो.' झालं, संपलं. राघो म्हणजे तुझे आजोबा. मग माझे आजोबा भिकन कुठे गेले? मळ्यातली विहीर पणजोबांनी त्यांना बरोबर घेऊन खणली. तुझे आजोबा तेव्हा बांधावर उभं राहून बघत होते, असं माझे वडील सांगायचे.

मला राग आला हे तर खरंच, पण त्याहून जास्त हेवा वाटला. मळा तुला मिळाला. त्या मळ्यातली सकाळ तुझी, विहिरीचं पाणी तुझं. मला सुट्टीतले पंधरा दिवस मिळायचे, तेही पाहुणी म्हणून. माझ्या वाट्याला फक्त गोष्ट आली. कराचीपर्यंत बोट, तिथून उंटांच्या मागे पायपीट, मांडीत गोळी, आणि घरी आल्यावर गावकीची कामं करायला साफ नकार. 'मेलेलं ढोर मी ओढणार नाही, सरकार मला पेन्शन देतं,' असं पाटलाला तोंडावर सांगणारा आणि पलटणीचा लाल कोट घालून कांद्याला पाणी भरणारा माणूस. ती गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगितली. आता तू म्हणतेस, तीही तुझी नाही.

भिकन हे नाव दगडावर आलंच पाहिजे. पणजोबांच्या पेन्शनीचा कागद माझ्या वडिलांच्या ट्रंकेत आहे. जुनं वळणदार इंग्रजी आहे, मला लागत नाही. कॉलनीत एक निवृत्त हेडक्लार्क आहेत, त्यांच्याकडून वाचून घेते. मग बघू.

लता


हवालदार मळा, वणी
२१ फेब्रुवारी २०२५

लते, जय भीम.

पाकीट राजच्या हातात पडलं. म्हणाला, "आई, लतामावशीचं पत्र हाय. लांबूनच उघड, फुटंल बिटंल." मी हसले नाही, पण हसू आलं होतं.

दगडावरचं वाचून तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याला मी काय करू? जे खरं ते लिहिलं. हवालदार लढाईवर असताना त्यांची बायको, म्हणजे माझी पणजी, पटकीनं गेली. राघो एवढासा होता, त्याला मामानं सटाण्याकडे नेलं. हवालदार लंगडत परत आले आणि तीन वर्षांनी पाट लावून एका विधवेला घरात आणलं. तिच्या कडेवर दहा महिन्यांचं पोर होतं. तो तुझा आजा. पंगतीत मी एवढंच बोलले होते की तुझा आजा कडेवर आला. खोटं असतं तर तू हसून सोडून दिलं असतंस. खरं होतं म्हणून ताटावरून उठलीस.

आणि हेव्याचं तू मला सांगतेस? तू निवृत्त झालीस तेव्हा पेपरात फोटो आला होता. शाल, नारळ, हार आणि खाली छापलेलं, 'हवालदारांची पणती'. मी त्या दिवशी त्यांच्याच वावरात टोमॅटोच्या तारा बांधत होते. हात रक्ताळले होते. आणि पणती कोण, तर तू! सातवीत माझी शाळा सुटली, नांदायला सटाण्याला गेले, नवरा गेल्यावर दोन पोरं घेऊन परत याच मातीत आले. मला कधी कुणी माइकसमोर उभं केलं नाही. त्या पेपरात मी कोथिंबिरीच्या जुड्या गुंडाळल्या. मग संध्याकाळी त्यातलं ते पान काढून, पुसून, गादीखाली ठेवलं. का ठेवलं ते मला विचारू नको.

दगड मी बसवते आहे, म्हणून काय लिहायचं ते मी ठरवणार. तरी तुझ्यासारखी पळवाट ठेवत नाही. त्या कागदात भिकनचं नाव निघालं तर मी ते दगडावर घालीन. नाही निघालं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. दगड कोरणारा एप्रिलच्या शेवटी येणार आहे.

सरू


इंदिरानगर, नाशिक
१० मार्च २०२५

सरूताईस जय भीम.

कागद वाचून झाला. हेडक्लार्क साहेबांना दोन दुपारी लागल्या, भिंग घेऊन बसले होते. भिकन हे नाव त्यात आहे. स्पष्ट आहे, शंकेला जागा नाही. तेव्हा दिलेला शब्द पाळ.

खरं तर मला कागदाची गरजच नव्हती. आजोबांची चाल आठव. तू तर माझ्यापेक्षा मोठी, तू जास्त पाहिली असशील. वाफे पाडताना ते पावलांनी मोजायचे. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. गाव म्हणायचं, ही पलटणीची मापणी आहे, हवालदारांनी आणली. हवालदार तसेच चालायचे, भिकनआजोबा तसेच चालायचे, माझे वडील ऑफिसातून येताना लांबून ओळखू यायचे ते त्याच पावलांनी. मी शाळेच्या पटांगणात कवायतीच्या रांगा कशा आखायचे? टेपनं नाही. पावलांनी. एक लांब, एक आखूड. मुलं मागून नक्कल करायची आणि मी मनातून फुशारायचे.

आता सांग, तुमच्या घरात ही चाल कुणाला येते? राघोआजोबांना येत होती? तुमच्या मळ्यात मोजायला दोरी. रक्ताचं असतं ते असं पायांत उतरतं, सरूताई. त्याला दगड लागत नाही. पण दगड बसतोच आहे, तर त्यावर नाव हवं.

लता


हवालदार मळा, वणी
१८ मार्च २०२५

लते, जय भीम.

तू मास्तरीण होतीस ना गं? मांडीत गोळी लागून माणूस लंगडा झाला, तर त्याचं लंगडणं पोराच्या रक्तात उतरतं, हे कुठल्या पुस्तकात शिकवलंस? आमच्या गाईचं शिंग मोडलं होतं, तिची सगळी वासरं दोन शिंगांची निघाली. पलटणीची मापणी म्हणे! उजवी मांडी फाटलेल्या माणसाचं उजवं पाऊल आखूडच पडणार. गाव भोळं आहे, म्हणून मीही भोळी असेन असं समजू नको.

आमच्याकडे दोरी आहे, हे खरं. आमच्या घरात ती चाल कुणी चालायची नाही, असं माझ्या आज्याचं सांगणं होतं. लहानपणी मी एकदा भिकनबाबांची नक्कल करत अंगणात आले, तर राघोबाबानं हातातला तांब्या भिरकावला. त्यापुढचं तुला सांगायचं कारण नाही.

आता कागदाचं. नाव आहे म्हणतेस. बरं, आहे. पण कोणत्या शब्दांत आहे? 'मुलगा' म्हणून आहे की आणखी काही म्हणून? तू दोन पानी पत्रात कागदाला चार ओळी दिल्यास आणि उरलेलं सगळं चालीवर घालवलंस. खाई त्याला खवखवे. झेरॉक्स पाठव. इथं तेजल आहे, राजची मोठी, इंग्रजी शाळेत जाते. ती वाचेल.

माझा शब्द मी पाळीन. पण आधी तू पुरतं बोल.

सरू


इंदिरानगर, नाशिक
२ एप्रिल २०२५

सरूताईस जय भीम.

झेरॉक्स सोबत जोडली आहे. तेजलला शोधायला नको, खालून तिसरी ओळ. साहेबांनी मराठीत सांगितलं ते असं : 'स्वतःचा मुलगा एक, नाव राघो. याशिवाय बायकोचा पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा, नाव भिकन, सोबत राहतो.'

सोबत राहतो. एवढेच दोन शब्द आमच्या वाट्याला आले.

मी तुझ्याशी लबाडी केली. नाव आहे असं लिहिलं ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. पत्र पेटीत टाकून घरी आले आणि जेवण गेलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना कान धरून 'खरं सांग' म्हणत आले, आणि एकोणसत्तराव्या वर्षी ही अशी वागले. तुझ्यावर इतकी जळत होते की लाज वाटायची राहिली. तू जिंकलीस. दगडावर राघोच राहू दे. मी पौर्णिमेला येणार नाही. मला तिथं उभं राहून टाळ्या वाजवायला जमणार नाही, आणि तोंड पाडून उभी राहिले तर लोक विचारतील.

चालीबद्दलही तुझं बरोबर आहे. रक्तात नाही येत. तुझं पत्र वाचल्यावर मला एक गोष्ट आठवली आणि मी स्वतःलाच हसले. मी चार वर्षांची असताना आईनं मला मळ्यावर ठेवलं होतं, ती बाळंत व्हायची होती म्हणून. तीन महिने मी भिकनआजोबांच्या मागे मागे असायचे. ते डाव्या हाताचं बोट मला द्यायचे आणि आम्ही बांधाबांधानं फिरायचो. नाशिकला परत आले ती लंगडतच. आई घाबरली, पायात काही मोडलं म्हणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी मला चालवून पाहिलं, विचारलं, ही कुणाजवळ होती? मग हसून म्हणाले, "काही झालेलं नाही. हिला थोडे दिवस दुसऱ्या कुणाचं तरी बोट द्या." ते लंगडणं गेलं, पण पावलं मोजायला लागले की ती अजून तशीच पडतात.

म्हणजे मी ज्याला रक्त म्हणत होते ते नुसतं बोट धरणं होतं. असो. तुझा दगड चांगला होवो.

लता


हवालदार मळा, वणी
२४ एप्रिल २०२५

लते, जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण दोन वेळा लिहून फाडलं. आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही.

मी बारा वर्षांची असताना राघोबाबा अंथरुणावर होता. मीच त्याला पाणी द्यायची. भिकनबाबा त्याआधीच गेले होते. एके दिवशी तो आपणहून बोलायला लागला. हवालदारांनी त्याला सटाण्याहून परत आणलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता. बापाला त्यानं त्याआधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. मामाकडे सगळे सांगायचे, तुझा बाप शिपाई आहे, लाल कोट आहे त्याला. तो नाचतच आला. मळ्यात पोचला आणि समोर काय दिसलं? त्याच्याच तोंडचं लिहिते :

"बाप पाठमोरा व्हता. त्याचं बोट धरून ते पोर चाललं व्हतं, दोन-अडीच वरसाचं. बापाचं पाऊल आखूड पडं, त्याचं बी आखूड पडं. दोघं सारखेच. लोक म्हनत, पाहा, हवालदाराचं पोर कसं ओळखू येतं! आन पोर तर मी व्हतो."

मग तो काय करायचा, तर रोज गोठ्यामागे जाऊन ती चाल शिकायचा. एक लांब, एक आखूड. त्याला वाटायचं, ही आली म्हणजे बाप आपला होईल. आठ वर्षांचे पाय, ते आधीच सरळ चालायला शिकलेले, जमेना. तरी महिनाभर तो नेटानं करत राहिला. एक दिवस हवालदार अचानक गोठ्यामागे आले आणि त्यांनी पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल सांग. लढाईवरून लंगडा होऊन आलेला माणूस, सगळं गाव पाठीमागे वेडावणारं. त्यांना वाटलं, हे मामाकडे वाढलेलं पोरही आपल्याला वेडावतंय.

"अशी कानाखाली वाजवली का दोन दिस ऐकू येत नव्हतं. म्या सांगितलं नाय का कशापायी करत व्हतो. कसं सांगनार? त्यांनी पुन्हा मला हात नाय लावला. मारायला बी नाय आन जवळ घ्यायला बी नाय."

एवढं सांगून तो म्हातारा भिंतीकडे तोंड करून रडला. सत्याऐंशी वर्षांचा होता, लते.

त्या दिवसापासून मी तुझ्या आज्याचा, तुझ्या बापाचा आणि तुझा हेवा केला. पोर कडेवर आलं आणि आमच्या वाटचा बाप घेऊन गेलं. आमच्याकडे नाव राहिलं, जमीन राहिली, पण विहीर खणताना हवालदारांनी हाक मारली ती भिकनला. तू पटांगणात रांगा आखताना फुशारायचीस म्हणालीस. ते वाचून मी चूल तशीच सोडून बाहेर जाऊन बसले. दगडावर एकटा राघो घातला तो यासाठी. म्हटलं, निदान दगडावर तरी त्याला बाप एकट्याला मिळू दे.

पण तुझं ते डॉक्टरचं वाचलं आणि हात थांबला. भिकनबाबानं काही चोरलं नव्हतं. दहा महिन्यांच्या पोरापुढं जे बोट आलं ते त्यानं धरलं, एवढंच. पुढे तुला दिलं. चोरलेली वस्तू माणूस अशी नातीला देत नाही.

काल दगड कोरणारा आला. मी त्याला सांगितलं, 'पुत्र राघो आणि भिकन', दोन्ही एका ओळीत. भिकन म्हणताना दोनदा अडखळले, तो म्हणाला, "आजी, पाणी पिता का?" कागदात काय आहे ते माझ्या घरात राहील. तुला बरं वाटावं म्हणून हे केलं नाही. अजूनही जळते मी तुझ्यावर, वय झालं म्हणून ते जात नाही.

आता माझं एक मागणं आहे. पौर्णिमेच्या आधी एक दिवस ये. लोक यायच्या आत मला ती चाल शिकव. माझा गुडघा धड नाही आणि बहात्तराव्या वर्षी हे शोभत नाही, ते मला कळतं. पण आमच्या घरात ती कुणालाच आली नाही.

सरू


इंदिरानगर, नाशिक
२ मे २०२५

सरूताईस जय भीम.

तुझ्या पत्रानं मला आनंद व्हायला हवा होता. नाव आलं, मी जे मागत होते ते मिळालं. पण शेवटचं मागणं वाचलं आणि पोटात दुखलं. खोटं एकदा बोलून झालंय, म्हणून खरं लिहिते. मला वाटलं, रक्त तुझं, मळा तुझा, आता हिला चालही हवी? माझ्याकडे तेवढं एकच होतं जे तुला कधी मिळणार नव्हतं. चार दिवस मी पत्राकडे बघितलं नाही. संजनालाही दाखवलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी भाजी आणायला गेले. परत येताना लक्षात आलं की मी पावलं मोजत चालले आहे आणि प्रत्येक आखूड पावलाला मला गोठ्यामागचा तो मुलगा दिसतोय. आठ वर्षांची किती मुलं मी शिकवली. माझी चाल काढून दाखवणारीही होती. एकाला मी छडी मारली होती. तेव्हा मला नक्की वाटलं होतं, तो मला वेडावतोय. त्याला विचारलं नाही. त्याचं नावही आता आठवत नाही.

भिकनआजोबांना राघोआजोबांचं हे कधी कळलं नसणार. कळलं असतं तर त्यांनी दुसरं बोट पुढे केलं असतं, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही, कारण मी त्यांची नात आहे आणि मला चार दिवस लागले.

अकरा तारखेला दुपारच्या एसटीनं येते. राजला स्टँडवर पाठव. ऊन उतरलं की कांदा काढलेल्या वावरात जाऊ, जमीन मोकळी असेल तिथं. चपला काढून ये, चपलांत ती जमत नाही. माझ्या डाव्या हाताचं बोट धर आणि पायांकडे बघू नकोस, समोर बघ. लवकर जमणार नाही, तुझे पाय बहात्तर वर्षं सरळ चाललेत. चुकलीस तर चुकलीस. मी मारणार नाही.

लता